बोरगावच्या वायरमनचा कार्डिओग्राम

कॉम्प्युटरवाला कार्डिओग्राम बेळगावात आमच्या हॉस्पिटलात आला, तेव्हा मला तिथं लागून चार वर्षं होत आली होती आणि मी अजून टेंपररीच होतो. मूळचा मी निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिनं मला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. मग मी बेळगावला आलो, खासबागेत मागांच्या खडखडाटात एक खोली घेतली आणि हॉस्पिटलात ईसीजी काढायला लागलो. आमच्या वस्तीतून पांढरा कोट घालणारा मी पहिला. सुट्टीला घरी गेलो की विहारासमोर बसलेली म्हातारी माणसं मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारायची. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

जुनं मशीन म्हणजे एक जड पेटी होती. तापलेली सुई कागदावरून सरकायची, बारांपैकी एकेक ओळ निघाली की बटण फिरवायचं, मग कात्रीनं पट्ट्या कापून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. हे सगळं मला मोठ्या डॉक्टरांनी शिकवलं. ते तेव्हा सत्तरीला टेकले होते, आठवड्यातून फक्त मंगळवारी यायचे. त्यांच्या खिशात शाळेच्या कंपासपेटीतलं एक डिव्हायडर असायचं. त्यानं ते पट्टीवरचे चौकोन मोजायचे. कुठलीही पट्टी हातात घेतली की आधी पहिली ओळ आणि चौथी ओळ बघायचे. "हात बरोबर लागलेत का ते आधी बघायचं," म्हणायचे. "डावा-उजवा उलटा लागला, की चांगला माणूस आजारी दिसतो." ही सवय त्यांनी मला लावली होती. चार वर्षं मी ती पाळलीही.

नवीन मशीन थर्माकोलमध्ये गुंडाळून परदेशातून आलं. त्याला हार घातला, पेढे वाटले. रुग्णाचं वय टाइप करायचं, बटण दाबायचं, की बाराही ओळी एका कागदावर एकदम छापून यायच्या. आणि वर, इंग्रजीत, काय बिघडलंय तेही छापून यायचं. अगदी खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असायची: डॉक्टरांनी तपासून खात्री करावी, अशा अर्थाची. ती ओळ पहिले आठ-दहा दिवस मी वाचली. मग माझी नजर तिथंपर्यंत जायचीच बंद झाली. खरं सांगायचं तर रेघांकडेही जायची बंद झाली. वरचं वाक्य वाचायचं आणि कागद डॉक्टरांना द्यायचा, एवढंच काम उरलं. लोकही दारात येऊन म्हणायचे, "साध्या मशीनवर नको, कॉम्प्युटरवरच काढा."

त्या थंडीत हॉस्पिटलानं गावोगाव मोफत तपासणी ठेवली. काकतीला झाली, मग आणखी दोन-तीन गावांत, आणि मग बोरगावला. बोरगाव म्हणजे माझ्या निपाणीपासून थोड्याच मैलांवर. मी जरा ऐटीतच जीपमधून उतरलो. बरोबर छोटे डॉक्टर होते. त्यांना छोटे म्हणायचे ते मोठ्या डॉक्टरांच्या मानानं. माणूस तिशीतला, हुशार, कन्नड घरातला पण मराठी चांगलं बोलणारा. उद्धट नव्हता, आळशी नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं जे झालं त्याचा भार त्यांच्यावर टाकून मोकळं व्हायचा मोह मला बराच काळ होता.

तपासणी शाळेच्या एका वर्गात होती. तिथल्या प्लगला विजेचा दाब इतका कमी, की मशीनचा दिवा नुसता मिणमिणायला लागला. कुणीतरी वायरमनला बोलावून आणलं. चाळिशीचा माणूस, खाकी शर्ट, खिशात टेस्टर, हाताचे पंजे फावड्यासारखे रुंद. त्यानं मशीनकडं पाहिलं, बाहेर जाऊन खांबाकडं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, इथं होल्टेज लई कमी हाय. असंच चालवलासा तर तुमचं मशीन जळंल. मी खांबावरनं सरळ लाइन घेतो." आणि आम्ही बघत असताना तो कमरेला दोर आवळून सरसर वर गेला. अर्ध्या तासात वर्गाच्या डाव्या भिंतीला त्यानं नवीन पॉइंट काढून दिला.

मशीन सुरू झालं. छोटे डॉक्टर खूश झाले. "चला, पहिला तुमचाच काढू. मशीन चालतंय का तेही कळेल."

वायरमन हसला. "माझा कशाला? मला काय धाड भरलीया?"

तरी झोपला. बाहेर बायका-माणसांची रांग लागली होती, मी घाईत होतो. प्लग डाव्या भिंतीला, वायर आखूड, म्हणून मशीन त्या बाजूला ठेवलं होतं आणि मीही त्याच बाजूला उभा होतो. हॉस्पिटलात मी कायम रुग्णाच्या उजव्या हाताला उभा राहायचो. पांढरा चिमटा जवळच्या हाताला, काळा लांबच्या हाताला, अशी माझ्या हातांना सवय. माझ्या हातांनी सवयीप्रमाणे केलं. जवळचा हात त्या दिवशी डावा होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

कागद निघाला. मी वरचं वाक्य वाचलं आणि छोट्या डॉक्टरांकडं दिला. वाक्याचा अर्थ असा होता, की हृदयाच्या एका बाजूच्या भिंतीला पूर्वी केव्हातरी झटका येऊन गेला आहे, कधी ते सांगता येत नाही.

छोट्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मग स्टूल ओढून वायरमनजवळ बसले. "तुमच्या छातीत कधी दुखलं होतं? नीट आठवून सांगा."

वायरमन शर्टाची बटणं लावत होता. "छातीत? न्हाय बा." मग थांबला. "गेल्या साली एकदा खांबावरनं उतरताना कळ आलती. गॅस आसंल म्हटलं."

"तो गॅस नव्हता," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघत होतो. थोड्या वेळापूर्वी तो खांबावर होता. आता बाकावरून खाली उतरताना त्यानं आधी एक पाय टेकवला, थांबला, मग दुसरा टेकवला. एक हात छातीवर गेला होता तो तसाच राहिला.

डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या, जिभेखाली ठेवायची एक वेगळी दिली, आणि त्याच्या ऑफिससाठी चिठ्ठी लिहिली: खांबावर चढायचं काम देऊ नये, हलकं काम द्यावं. त्यानंतर मला त्या बाजूनं काम करणं अडचणीचं व्हायला लागलं म्हणून मी दोघांना हाताशी घेऊन बाक उलटा फिरवला, म्हणजे भिंतीजवळचं मशीन झोपणाऱ्याच्या उजव्या हाताला आलं. त्या दिवशी साठ-एक लोकांचे कार्डिओग्राम काढले. बाकीचे सगळे बरोबर निघाले. चुकीचा एकच, पहिला.

महिनाभरानं तो बायकोबरोबर बेळगावला गोळ्या न्यायला आला. मी त्याला ओळखलंच नाही पटकन. दाढी वाढलेली, चालणं म्हाताऱ्यासारखं. जिना चढून आला आणि बाकावर बसून तोंडानं श्वास घ्यायला लागला. छोटे डॉक्टर रजेवर होते, मशीनचा कागद संपलेला, तो बेंगळूरहून यायचा होता. नाहीतर त्याच दिवशी नवीन कार्डिओग्राम निघाला असता आणि सगळं तिथंच मिटलं असतं. जुनं मशीन कपाटात होतं. ते काढावं असं मला सुचलं नाही.

त्याची बायको माझ्याजवळ आली. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. "डॉक्टर, ह्यास्नी काय काय करू द्यायचं न्हाय ते कागदावर लिहून द्या. हे माझं ऐकत न्हाईत. कागद दावला म्हंजे ऐकतील."

मी डॉक्टर नाही हे तिलाही सांगितलं नाही. टेबलावरचा एक कोरा कागद घेतला आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहून दिलं. चढू नये. ओझं उचलू नये. रागावू नये. जेवणानंतर दोन तास पडून राहावं, त्या वेळी कुणी उठवू नये. छोटे डॉक्टर रुग्णांना जे सांगायचे तेच मी लिहिलं, पण लिहिताना मला बरं वाटलं होतं हे कबूल करायला हवं. तिनं तो कागद घडी न घालता, सरळ, पिशवीतल्या वहीत ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका मंगळवारी मोठ्या डॉक्टरांनी मला तपासणीच्या वेळचे सगळे बिघडलेले कार्डिओग्राम मागितले. नवशिक्या डॉक्टरांना शिकवायला हवे होते. मी गठ्ठा दिला. ते एकेक बघत गेले, डिव्हायडर टेकवत, आणि बोरगावच्या कागदावर थांबले. एक मिनिटसुद्धा नाही लागलं त्यांना.

"ह्याचं हृदय उजव्या बाजूला आहे काय रे?" त्यांनी विचारलं.

मी जवळ गेलो.

"ही पहिली ओळ बघ. सगळंच पालथं. आणि ही चौथी बघ, जी पालथी असायला पाहिजे ती सरळ. छातीवरच्या सहाही ओळी अगदी चांगल्या. म्हणजे हृदय जागेवर आहे. हातच उलटे लागलेत." मग कागदाच्या वरचं वाक्य वाचलं आणि चष्मा काढला. "ह्या माणसाला काय सांगितलं?"

मी सांगितलं.

"आजच बोलाव त्याला," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "सांग, चूक झाली म्हणून. नवीन काढ."

"हो सर," मी म्हणालो.

त्या महिन्यात माझ्या कायम होण्याचा कागद वर गेला होता. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो कागद. चूक माझी आहे, माझ्या सहीच्या रजिस्टरमध्ये आहे, हे ऑफिसात कळलं तर काय होईल ते मला दिसत होतं. आई वखार सोडून घरी बसेल, निपाणीत पक्कं घर होईल, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. मी बोरगावला गेलो नाही. एक पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं: 'आपण पुन्हा तपासणीसाठी सोयीने यावे.' चूक झाली असं कुठंही लिहिलं नाही. 'सोयीने' हा शब्द मी विचार करून घातला होता.

पुढच्या मंगळवारी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "कळवलं?"

"कळवलं सर."

तो आला नाही. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. मी दुसरं कार्ड टाकलं नाही. दुपारी रिकामा वेळ मिळाला की आठवण यायची, मग कुणीतरी रुग्ण यायचा आणि विसरायला व्हायचं.

उन्हाळ्यात एका रविवारी मी निपाणीला घरी गेलो होतो. आई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "बोरगावात वायरमन गेला म्हणं. खांबावरच चिकटला. वखारीत बायका बोलत हुत्या."

मी ताटावरून उठलो. आई मागून ओरडत राहिली. स्टँडवर आलो, मिळेल ती गाडी पकडली. बोरगावात उतरल्यावर पानाच्या गाडीवर वायरमनचं विचारलं. तो माणूस म्हणाला, "ह्यो न्हवं. ह्याचं हार्ट गेलंय, ह्यो आता खांबावर चढत न्हाय. ह्याच्या जागी दुसऱ्या सेक्शनचा आलता, हितंच बिऱ्हाड केलंतं, त्यो गेला. बारकी दोन पोरं हाईत त्याला."

मला सुटल्यासारखं वाटलं. आपला माणूस जिवंत आहे म्हणून वाटलं. ते क्षणभरच होतं, पण तसं वाटलं होतं ते मी अजून विसरलेलो नाही.

वायरमनचं घर गावाच्या कडेला होतं. तो सोप्यात पोत्यावर बसला होता. बायको मयताच्या घरी भाकरी घेऊन गेली होती. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, माझ्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता.

त्यानं मला बस म्हटलं. मी काही विचारायच्या आतच तो बोलायला लागला. जणू कुणीतरी येईल आणि आपण सांगू, म्हणून बसलेला होता.

"नदीकडं पंपाच्या लाइनीवर एक खांब हाय. त्या खांबावर दोन लाइनी हाईत. एक सुच बंद केला तर एकच मरतीया, दुसरी जिती ऱ्हातीया. हे कुठं कागदावर न्हाय. माझ्या डोस्क्यात हाय. बारा वरसं मीच चढायलोय तिथं." तो थांबला. "सुक्कीरवारी वारं सुटलं, तार तुटली. त्यो नवा माणूस. शाणा हुता. त्याला कायतरी शंका आली, म्हणून दुपारी दोनला हितं आला इचारायला. मी झोपलोतो. हिनं त्या कागदाकडं बोट दावलं. म्हटली, उठवू नका म्हणून डॉक्टरनी लिहून दिलंय. त्यो म्हटला, 'ऱ्हाऊ द्या वैनी, झोपू द्या त्यास्नी.' आन् गेला."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मी तेव्हा उठून निघून जाऊ शकलो असतो. त्यानं मला सांत्वनाला आलेला माणूस समजलं असतं. पण मी त्या कागदासमोर बसलो होतो. मी म्हणालो, "अण्णा, मला एक सांगायचंय," आणि सांगितलं. शाळेचा वर्ग, डावी भिंत, पांढरा चिमटा, काळा चिमटा. मोठे डॉक्टर काय म्हणाले ते.

त्याला हे इतक्या लवकर कळेल असं मला वाटलं नव्हतं. मी निम्म्यात असतानाच त्याला समजलं.

"म्हंजे वायरी उलट्या लागल्या."

"हो."

"फेज-न्यूट्रल उलटं लागलं तरी बल्ब पेटतोयच. बघणाऱ्याला काय कळत न्हाय. टेस्टर लावला तरच कळतंय." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुझ्याकडं टेस्टर न्हवता?"

"होता. बघायचं राहिलं."

"मग माझं हार्ट?"

"चांगलं आहे. पुन्हा काढून खात्री करू, पण चांगलंच आहे."

 तो हाताच्या पंजाकडं बघत होता. मग विचारलं, "तुला हे कवा कळलं?"

"दीड महिना झाला."

"आन् त्यो गेला सुक्कीरवारी."

मी म्हणालो, "मी कार्ड घातलं होतं, अण्णा."

"आलतं की कार्ड. पुन्हा तपासणी म्हटल्यावर ही भ्याली. म्हटली, आणि काय तरी निघंल, आता जायचं न्हाय. मीबी भ्यालोच." मग पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "चूक झालीया म्हणून कुठं लिवलंतंस रं त्या कार्डात? तेवढं एक वाक्य लिवलं असतंस तर मी चालत आलो असतो बेळगावला!"

मी भिंतीवरच्या माझ्या अक्षराकडं बघत राहिलो. 

तो उठला, दारापर्यंत गेला, रस्त्याकडं बघून परत आला. "ती याय लागलीया. नीट ऐक. हिला ह्यातलं काय सांगायचं न्हाय."

"पण अण्णा, तुम्ही बरे आहात. कामावर जाऊ शकता."

"हिनं त्याला दारातनं माघारी लावला. का लावला? माझं हार्ट गेलंय म्हणून लावला. आता तू सांगणार, गेलंच न्हवतं म्हणून. मग ती काय करंल? रोज त्याच्या बायकोला भाकरी घेऊन जायलीया ती. तिच्या तोंडाकडं कसं बघंल?" त्यानं छातीवर हात ठेवला. "ह्या घरात मी हार्टचा पेशंट हाय. समजलं?"

बायको आत आली. डोळे सुजलेले होते. मला बघून तिला बरं वाटलं. "डॉक्टर आलेत व्हय? बरं झालं बघा. दोन दिस ह्यास्नी झोप न्हाय. जरा नाडी तरी बघा."

मी त्याचं मनगट धरलं. नाडी भरदार, एकसारखी चालली होती. त्या घरात त्या वेळी बसलेल्या तिघांत सगळ्यात चांगलं हृदय त्याचंच असावं.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

तो माझ्याकडं बघत होता.

"जपायला पाहिजे," मी म्हणालो.

मंगळवारी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझ्या पोस्टकार्डासकट. ते म्हणाले, "तू मला 'कळवलं' म्हणाला होतास." एवढंच. छोट्या डॉक्टरांना बोलावून त्यांनी कागद दाखवला.  मूळ कागदावर छोट्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं दुरुस्ती लिहिली, खाली सही केली. वायरमन त्याच्या घरच्यांना कळू देऊ इच्छित नाही, हेही मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. मग त्यांनी हृदयाच्या गोळ्या बंद केल्या आणि त्या जागी ताकदीच्या साध्या गोळ्या लिहिल्या; हलक्या कामाच्या चिठ्ठीला हात लावला नाही. "हे बरोबर आहे की चूक, मला माहीत नाही," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. कुणीही तक्रार केली नव्हती. मयताच्या चौकशीत, त्यानं स्वतः खात्री न करता लाइनला हात लावला, असा शेरा आला, असं नंतर कानावर आलं.

ती दोघं दर तीन महिन्यांनी यायची. ती हट्टानं कॉम्प्युटरवर कार्डिओग्राम काढायला लावायची. तो झोपायचा, मी उजव्या बाजूला उभा राहून दोनदा बघून चिमटे लावायचो. कागद निघायचा, वर इंग्रजीत छापलेलं असायचं, की सगळं व्यवस्थित आहे. ती विचारायची, "काय म्हणतंय मशीन?"

"आहे तसंच आहे," मी म्हणायचो. तो छताकडं बघत असायचा.

असं दोन वर्षं चाललं. ऑफिसात तो मीटरच्या नोंदी करत बसायचा. पोट सुटलं, खांदे उतरले. जिना चढताना आता त्याला खरंच दम लागायला लागला होता. मी एकदा, ती गोळ्या आणायला गेलेली असताना, म्हणालो, "अण्णा, आता तरी सांगू या. आणि तुम्ही जरा चालत-फिरत जा." तो म्हणाला, "त्याच्या थोरल्या पोराला शाळंत मीच घातलाय. मला काका म्हणतंय." 

मग छोटे डॉक्टर दुसरीकडं गेले, त्यांच्या जागी एक नवीन आले. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं आणि मीही वेळेवर सांगितलं नाही. त्या दिवशी कागद निघाल्यावर मी घ्यायच्या आत त्यांनीच उचलला, वाचला आणि वायरमनच्या बायकोकडं बघून मोकळेपणानं म्हणाले, "एल्ला नॉर्मल इदे. येनू तोंदरे इल्ला."

कन्नड तिला चांगलं येत होतं. सगळं नॉर्मल आहे, काही त्रास नाही.  वायरमन बाकावर तसाच पडून होता, त्याच्या छातीवरचे रबरी फुगे मी अजून काढले नव्हते. नवीन डॉक्टर पुढच्या रुग्णाकडं निघून गेले.

ती माझ्या मागोमाग व्हरांड्यात आली. "आता नॉर्मल झालं म्हणायचं, का पहिल्यापासनंच हुतं?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा.

मी म्हणालो, "गोळ्यांनी सुधारलं, आक्का."

तिनं माझ्याकडं बघितलं.  तिला कळलं असं मला वाटतं, पण खात्री नाही, आणि नंतर विचारायचा धीर मला कधी झाला नाही. तिनं माझ्या हातातून कार्डिओग्रामचा कागद घेतला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि पिशवीच्या तळाशी सारला. मग दाराआडून दिसणाऱ्या नवऱ्याकडं एकदा पाहून म्हणाली,

"बरं. मग गोळ्या पहिल्यासारख्याच तीन महिन्यांच्या घेऊ न्हवं?"